वितळण्याच्या पायऱ्या

न्हाणीघरातील साबणाच्या डबीत पाणी साचून राहिले म्हणजे तळाशी एक बुळबुळीत लगदा तयार होतो. तो वडीसारखा घट्ट नसतो आणि पाण्यासारखा ओघळतही नाही. बोटाने दाबला की सरकतो. आपण होऊन मात्र पसरत नाही. घरोघरी तो धुऊन टाकला जातो. त्यात विचार करण्यासारखे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु पदार्थविज्ञानात एका विलक्षण अवस्थेला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा ग्रीक भाषेतील साबणवाचक शब्दच निवडण्यात आला. त्या अवस्थेचे नाव स्मेक्टिक. द्रव स्फटिकांच्या कुळातील ही एक शाखा होय. पदार्थ वितळतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न वरवर फार साधा वाटतो. त्याचे अत्यंत बोधप्रद उत्तर या शाखेपाशी आहे.

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था प्रत्येकाने शाळेत पाठ केलेल्या असतात. घन स्फटिकात प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हेही ठरलेले असते. म्हणजे तेथे दोन प्रकारची शिस्त नांदते: एक जागेची, दुसरी दिशेची. बर्फ वितळतो तेव्हा या दोन्ही शिस्ती एकाच तापमानाला एकदम मोडतात, म्हणून त्या दोन आहेत हे लक्षातही येत नाही. पण रेणू जर काडीसारखा लांबट असेल, तर जागा सुटली म्हणून दिशाही सुटलीच पाहिजे असे नाही. किंबहुना जागासुद्धा एका दिशेने सुटावी आणि दुसऱ्या दिशेने टिकून राहावी, हेही संभवते. निसर्गाने या सर्व शक्यता वापरलेल्या आहेत. माणसाला मात्र त्या उशिरा दिसल्या; आणि दिसल्यावरही त्या मान्य करावयास त्याने पुष्कळ वर्षे घेतली.

१८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनित्सर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होता. त्यापासून बनविलेले एक संयुग तापविताना त्याला चमत्कारिक अनुभव आला. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळले, पण वितळून झालेला द्रव गढूळ होता. तापमान वाढवीत नेल्यावर १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी नाहीसा होऊन द्रव स्वच्छ झाला. थंड करताना हाच क्रम उलटा घडला. एका शुद्ध पदार्थाला एकच वितळबिंदू असावा, हा रसायनशास्त्रातील दंडक. तेव्हा पदार्थात काही भेसळ राहिली असावी, असे म्हणून रायनित्सरला ते पात्र बाजूला ठेवता आले असते. त्याने तसे केले नाही. त्याच वर्षी १४ मार्चला त्याने ओटो लेमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकाला पत्र लिहून आपली निरीक्षणे कळविली.

लेमानपाशी एक खास साधन होते: पदार्थ तापवीत असतानाच तो ध्रुवित प्रकाशात पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक. साध्या द्रवावर ध्रुवित प्रकाशाचा काही परिणाम दिसत नाही, स्फटिकावर मात्र रंगांची आणि छायांची नक्षी उमटते. रायनित्सरचा गढूळ द्रव वाहत होता आणि नक्षीही दाखवीत होता. १८८९ मध्ये लेमानने ‘वाहते स्फटिक’ अशी संज्ञा वापरून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यावर मोठे वादळ उठले. स्फटिक म्हणजे ताठ जाळी आणि द्रव म्हणजे गोंधळ. मग वाहता स्फटिक म्हणजे वदतो व्याघातच नव्हे काय? गुस्टाफ टामानसारख्या नामांकित शास्त्रज्ञाने सांगितले की, हे केवळ पायस आहे. एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्यात तरंगत राहिले म्हणजे दूध जसे अपारदर्शक दिसते, तसाच हा प्रकार. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण प्रयोगशाळेत नव्याने घडविलेली, अत्यंत शुद्ध संयुगेही तसेच वागू लागली. हाले येथे डॅनिएल फोरलेंडर याने अशी संयुगे मोठ्या संख्येने तयार केली आणि त्यांच्यातील समान सूत्र हुडकून काढले: ज्यांचे रेणू सरळ व लांबट, तेच पदार्थ असे वागतात. भेसळीला रेणूच्या आकाराशी काय कर्तव्य? पायसाची उपपत्ती हळूहळू मागे पडली.

या वादावर खरा प्रकाश पाडला तो झॉर्ज फ्रीडेल या फ्रेंच खनिजवैज्ञानिकाने, १९२२ साली. लेमानचे निधनही त्याच वर्षी झाले. फ्रीडेलला ‘द्रव स्फटिक’ हे नावच पसंत नव्हते. या अवस्था दोन जुन्या अवस्थांचे मिश्रण नसून स्वतंत्र, मधल्या अवस्था आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याने त्यांचे वर्ग पाडले. एकात धाग्यांसारख्या रेषा दिसत, म्हणून सूत्रवाचक ग्रीक शब्दावरून तिला नेमॅटिक म्हटले. दुसरी साबणासारखी, ती स्मेक्टिक. रायनित्सरच्या कोलेस्टेरॉल-संयुगावरून कोलेस्टेरिक हे तिसरे नाव आले. ती नेमॅटिकचीच पीळ पडलेली जात होय.

स्मेक्टिकविषयीचे फ्रीडेलचे अनुमान हा तर्कशास्त्राचा एक सुंदर नमुना आहे. सूक्ष्मदर्शकाखाली स्मेक्टिकमध्ये नेहमी दोन वक्ररेषांची जोडी दिसते. एक विवृत्त, म्हणजे लंबवर्तुळ. आणि दुसरी अपास्त. त्यांची प्रतले एकमेकांशी काटकोनात असतात आणि प्रत्येक वक्र दुसऱ्याच्या नाभीतून जातो. हे योगायोगाने घडणे शक्य नाही. फ्रीडेलने विचार केला तो असा. कागदांची चळत वाकविली तर कागद वाकतात, पण दोन कागदांमधील अंतर बदलत नाही. समान जाडीचे असे थर वाकून एकमेकांभोवती बसले आणि त्यांतील दोष शक्य तितके आकुंचित होऊन रेषांपुरते उरले, तर त्या रेषा विवृत्त आणि अपास्त यांचीच जोडी असली पाहिजे, असे भूमिती सांगते. ज्या अर्थी ही जोडी दिसते, त्या अर्थी आत समान जाडीचे थर आहेत. थर कोणी पाहिलेले नव्हते. त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीहून शेकडो पटींनी कमी. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, फ्रीडेलचा मुलगा एदमों आणि मोरीस द ब्रॉय यांनी स्मेक्टिक पदार्थांतून क्ष-किरण पाठविले. थरांची साक्ष प्रत्यक्ष मिळाली.

या अवस्थांचे चित्र मनासमोर आणावयाचे तर मराठी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. कवायतीच्या मैदानावर रांगारांगांनी उभी असलेली पलटण म्हणजे घन स्फटिक. बाजारातली गर्दी म्हणजे साधा द्रव. आता आषाढी वारीची वाटचाल आठवावी. चालणाऱ्या सर्वांची तोंडे पंढरपूरकडे असतात, पण कोणी पुढे जातो, कोणी मागे रेंगाळतो. दिशा एक, जागा मोकळी. ही नेमॅटिक अवस्था झाली. परंतु पालखीबरोबरच्या दिंड्या आपापल्या क्रमाने चालतात. एका दिंडीत वारकऱ्याला कोठेही चालण्याची मुभा असते, तरी तो सहसा दुसऱ्या दिंडीत मिसळत नाही. एकीमागून एक अशा या दिंड्या म्हणजे स्मेक्टिकचे थर. थरात द्रवाची मोकळीक आणि थराथरांत स्फटिकाचा क्रम. या उपमेत एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. रेणूंना पुढे-मागे असा भेद नसतो. जितके एका बाजूला तोंड करून असतात, जवळजवळ तितकेच विरुद्ध बाजूला. शिवाय थरांच्या सीमा भिंतीसारख्या रेखीव नसतात. रेणूंची दाटी लाटेप्रमाणे ठराविक अंतराने वाढते आणि उतरते, इतकेच.

या पायऱ्या एकाच पदार्थात पाहावयाच्या असतील तर इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायनोबायफेनिल कुळातील एक संयुग घ्यावे. त्याच्या रेणूत बेंझिनच्या दोन कड्यांचा ताठ कणा आहे. एका टोकाला कार्बन-नायट्रोजनाची जोडी आणि दुसऱ्या टोकाला आठ कार्बन अणूंचे लवचीक शेपूट. हा पदार्थ सुमारे २१.५ अंश सेल्सिअसच्या खाली घन असतो. त्या तापमानाला तो वितळतो, पण स्मेक्टिक होतो: मलमासारखा दाट. ३३.५ अंशांना थर विसकटतात, दिशा टिकते. तो नेमॅटिक होतो आणि तेलासारखा वाहू लागतो. ४०.५ अंशांना दिशाही जाते आणि स्वच्छ, साधा द्रव उरतो. थंडीतील पहाट, उन्हाळ्यातील दुपार आणि तापाने फणफणलेले अंग यांच्या दरम्यानच तिन्ही संक्रमणे उरकतात.

थर पडतात ते का? कण्याला कण्याचे आकर्षण अधिक आणि शेपटांना शेपटांची संगत सोयीची; म्हणून कणे एका पातळीत येतात आणि शेपटे दुसऱ्या. शेपूट जितके लांब, तितकी ही वाटणी पक्की. याच कुळात पाच कार्बनांचे शेपूट असलेले संयुग सुमारे २४ ते ३५ अंशांपर्यंत नेमॅटिक असते. त्यात स्मेक्टिक अवस्था आढळत नाही. आठ कार्बनांचे झाले की दोन्ही अवस्था येतात. दहा कार्बनांचे झाले की नेमॅटिक लुप्त होते आणि थर मोडताक्षणी दिशाही मोडते. शेपटात दोन-तीन कार्बन अणूंचा फरक, आणि अवस्थांचा सारा क्रमच पालटतो.

स्मेक्टिक हेही एकच नाव नाही, ते एका कुटुंबाचे नाव आहे. वर वर्णिलेल्या प्रकाराला स्मेक्टिक ए म्हणतात. त्यात रेणू थराला काटकोनात उभे असतात. वारा एका बाजूने सुटला म्हणजे पिकाची ताटे जशी कलतात तसे सर्व रेणू एका बाजूला कलले, तर तो स्मेक्टिक सी. थरातील रेणूंची जागा मोकळीच राहून शेजाऱ्यांची मांडणी सर्वत्र एकाच षट्कोनी दिशेला लागली, तर ती आणखी एक पायरी. अशा पायऱ्या उतरत गेले की शेवटी खरा स्फटिक येतो. घनातून द्रवाकडे जाणारी वाट म्हणजे एक उडी नसून पुष्कळदा एक जिना असतो, ही गोष्ट या कुटुंबाने स्पष्ट केली.

आता त्या जिन्याच्या एका पायरीकडे थोडे निरखून पाहू. बर्फ वितळताना सुप्त उष्णता घेतो. तापमान न वाढता केवळ शिस्त मोडण्यातच ती खर्ची पडते. आठ कार्बनांच्या आपल्या संयुगातही पहिल्या वितळण्याला अशी पुष्कळ उष्णता लागते. शेवटच्या पायरीला फार थोडी लागते. मधल्या पायरीला, म्हणजे थर विसकटताना, अतिशय सूक्ष्म मोजणी करूनही सुप्त उष्णता आढळली नाही. थर एकदम कोसळत नाहीत. तापमान वाढेल तशी दाटीची लाट क्षीण होत होत शून्याला पोहोचते. उलट, नेमॅटिक थंड करीत नेले तर थर पडण्यापूर्वीच इथे-तिथे थरांचे पुंजके उमटतात आणि विरतात. संक्रमण जवळ येईल तसे ते मोठे होत जातात.

या संक्रमणाची उपपत्ती १९७१ मध्ये विल्यम मॅकमिलन याने मांडली. पण १९७२ साली फ्रान्समधील पिएर-झिल द झेन यांनी जे दाखविले त्याने सर्वांनाच चकित केले. धातू अतिशीत तापमानाला अतिसंवाहक होतो तेव्हाचे गणित आणि द्रवात थर पडतात तेव्हाचे गणित एकाच साच्याचे आहे, असे त्यांनी सांगितले. अतिसंवाहक ज्याप्रमाणे चुंबकीय क्षेत्राला आत शिरू देत नाही, त्याप्रमाणे स्मेक्टिक आपल्यात पीळ शिरू देत नाही. कारण पीळ आला तर थरांची जाडी सांभाळता येत नाही. काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. मग पीळही स्मेक्टिकमध्ये दोषांच्या रांगांवाटे शिरू शकेल काय? शिरेल, असे भाकीत रेन आणि लुबेन्स्की यांनी १९८८ मध्ये केले. आणि १९८९ मध्ये गुडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा पदार्थ प्रत्यक्ष दाखविला. एकीकडे शून्याखाली शेकडो अंशांवरची धातूची तार, दुसरीकडे साबणाचा नातेवाईक. दोहोंना एकच नियम लागू पडावा, ही विज्ञानातील मोठी आनंदाची गोष्ट होय. द झेन यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच दूरच्या नात्यांच्या शोधाबद्दल. तथापि हा हिशेब पुरता मिटलेला नाही. हे संक्रमण वरवर अखंड दिसले तरी त्यात अत्यल्प सुप्त उष्णता असलीच पाहिजे, असा सिद्धांत हाल्पेरिन, लुबेन्स्की आणि मा यांनी १९७४ मध्ये मांडला होता, आणि त्याची पारख करणारे प्रयोग पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

याहून खोल शंका आणखी एक आहे. थरांचा हा क्रम खरोखरच क्रम म्हणता येईल काय? रुडोल्फ पायर्ल्स आणि लेव्ह लांडाउ यांनी १९३० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते की, त्रिमित पदार्थात केवळ एकाच दिशेने असलेली जागेची शिस्त दूरवर टिकू शकत नाही. प्रत्येक थर उष्णतेमुळे किंचित हेलकावतो. हे हेलकावे जमत जातात, आणि पुरेसे दूर गेल्यावर अमुक थर नेमका कोठे असेल हे सांगता येत नाही. दिंडीचेच उदाहरण घ्यावयाचे तर शेजारची दिंडी किती पावलांवर आहे हे सांगता येईल. पण शेकडो दिंड्यांपलीकडची दिंडी नेमकी कोणत्या झाडाखाली पोहोचली असेल, हे कोण सांगणार? स्मेक्टिकमध्ये ही चूक वाढते मात्र फारच मंद गतीने. त्यामुळे प्रयोगशाळेतील लहानशा नमुन्यात थर चांगले शाबूत दिसतात. १९८० मध्ये आल्स-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही मंद झीज मोजली आणि ती भाकिताप्रमाणेच भरली. तेव्हा स्मेक्टिकमधील शिस्त पूर्ण नाही आणि ती नाही असेही म्हणता येत नाही. आहे आणि नाही यांच्यामध्येही निसर्गाने जागा राखून ठेवली आहे.

या अभ्यासात भारताचा वाटा लक्षणीय आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे. ताऱ्यांचा अभ्यास करणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ते निराळे. शिवरामकृष्ण यांनी प्रथम म्हैसूर विद्यापीठात आणि १९७१ पासून बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. सायनोबायफेनिलसारख्या पदार्थांत शेजारचे रेणू एकमेकांशी उलट-सुलट जोडी करतात, ही कल्पना मधुसूदन आणि चंद्रशेखर यांनी १९७३ मध्ये मांडली. आठ कार्बनांच्या संयुगाचा थर एका रेणूच्या लांबीहून जाड आणि दोन रेणूंच्या लांबीहून पातळ का असतो, याचा उलगडा त्या जोड्यांमुळे होतो. १९७७ मध्ये चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी त्याहून मोठा शोध जाहीर केला. द्रव स्फटिक काडीसारख्या रेणूंचेच होतात, हा फोरलेंडरपासूनचा समज त्यांनी मोडला. चकतीसारखे रेणू नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचले जाऊन खांब होतात आणि त्या खांबांची जाळी बनते, असे त्यांनी दाखविले. स्मेक्टिकमध्ये शिस्त एका दिशेने आणि मोकळीक दोन दिशांनी. या खांबांत शिस्त दोन दिशांनी आणि मोकळीक एका दिशेने. वाटणी नेमकी उलट.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. घड्याळांच्या, दूरध्वनींच्या आणि दूरचित्रवाणीच्या असंख्य पडद्यांत द्रव स्फटिक असतात. पण तेथे बहुतेक ठिकाणी काम करतो तो नेमॅटिक. स्मेक्टिकलाही संधी मिळाली. कललेल्या स्मेक्टिकच्या रेणूंना डाव्या-उजव्या हातांसारखा भेद असेल, तर थराला कायमचे विद्युत्-ध्रुवण येते, हे रॉबर्ट मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. १९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी अशा पदार्थाची पातळ पटले विजेच्या इशाऱ्यासरशी सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत पालटवून दाखविली.

परंतु या अवस्थेचे सर्वांत मोठे कार्य कोणत्याही कारखान्यात चालत नाही. ते प्रत्येक सजीवाच्या शरीरात चालते. पेशीभोवतीचे पटल स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असते. थरात ते रेणू वाहते असतात, पण थर सोडून सहसा जात नाहीत. प्रथिने या पटलात तरंगतात, सरकतात आणि आपापली कामे करतात. ते गोठले तर कामे थांबतील. ते विरघळले तर पेशी उरणार नाही. अनेक मज्जातंतूंभोवती तर असे थर गुंडाळीसारखे एकावर एक बसलेले असतात. याच मज्जावेष्टनातील द्रव्य पाण्यात चमत्कारिक रीतीने फुगून वाहते, हे रुडोल्फ फिर्खो या वैद्याने १८५४ सालीच, म्हणजे रायनित्सरच्या चौतीस वर्षे आधी, नोंदले होते. आपण एका नव्या अवस्थेकडे पाहत आहोत, हे तेव्हा कोणालाच उमगले नव्हते, कारण तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

वर्गीकरण केल्यावाचून माणसाचे चालत नाही. कार्यालयातील कपाटापासून विज्ञानाच्या ग्रंथापर्यंत सर्वत्र खण पाडावेच लागतात. मात्र एखादी गोष्ट कोणत्याच खणात बसत नसेल, तर ती अशुद्ध आहे असे म्हणून टाकून देण्याआधी खण पुरेसे आहेत काय, हे एकदा पाहिलेले बरे. रायनित्सरने आपला गढूळ द्रव फेकून दिला नाही, एवढीच त्याची मूळ कामगिरी. आणि पुढचे सारे त्यातून निघाले.